जुन्या छायाचित्रांतील प्रवासिनी

यवतमाळास आमच्या आजोळच्या वाड्याची वाटणी झाली, तेव्हा भांडीकुंडी, दागदागिने आणि शेतीचे कागद यांची यादी करणाऱ्या मंडळींनी एक लाकडी पेटी कोणाच्याच वाट्याला घातली नाही. तीत जुनी छायाचित्रे होती; काही जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, काही सुटी, काहींना वाळवी लागलेली. ती पेटी आम्ही मागून घेतली. चार पावसाळे ती आमच्या माळ्यावर पडून होती, हेही कबूल केले पाहिजे. पुढे एकदा निवांतपणे पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्यांतील निम्म्याहून अधिक चित्रे कोणत्या ना कोणत्या प्रवासाच्या निमित्ताने काढलेली आहेत. कोणी काशीस निघाले म्हणून, कोणाची बदली झाली म्हणून, कोणी मुंबईस शिकावयास चालला म्हणून. गेलेला माणूस परत येईलच याची शाश्वती नसल्यामुळे निघण्यापूर्वी त्याचा ‘फोटो उतरवून’ ठेवण्याची ती चाल होती.

या चित्रांत स्त्रिया पुष्कळ आहेत. त्या प्रवासाला निघालेल्या आहेत, तेव्हा त्यांच्या अंगावर दिसते ती त्या काळची प्रवासाची वेशभूषा, असा सरळ निष्कर्ष आम्ही प्रथम काढला. तो चुकीचा होता. कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम त्या प्रवासाचे स्वरूप पाहू. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे सरकारदरबारी नाव वणी जिल्हा असे होते. मुख्य ठाणे मात्र यवतमाळच. मुंबईची आगगाडी १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली, तरी यवतमाळ त्या मार्गापासून आडबाजूला राहिले. सर्वांत सोयीचे स्टेशन धामणगाव; तेथून यवतमाळपर्यंत सुमारे ३० मैलांची सडक. पुरुष टांग्याने किंवा घोड्यावर येत. बायकामुले दमणीत. दमणीवर चटयांचे छत, मागेपुढे पडदा आणि आत गवतावर पसरलेली सतरंजी. या प्रवासात बायका काय नेसत? आमची आजी सांगे की प्रवासासाठी म्हणून जे लुगडे नेसावयाचे ते घरातले सर्वांत जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले जुनेर. सडकेची धूळ, बैलांच्या अंगचा वास, मांडीवरचे मूल, आणि कोठे उतरून चालावे लागले तर चिखल; यांत इरकली किंवा पैठणी कोण नासवील? चांगले लुगडे वळकटीत असे. गावाची शीव आली की एखाद्या विहिरीपाशी दमणी थांबे. तेथे हातपाय धुऊन, लुगडे बदलून, नथ घालून मग सासरी किंवा माहेरी प्रवेश. म्हणजे खरा प्रवासी वेष हा कोणी पाहू नये असाच वेष होता. त्याचे छायाचित्र कोण काढणार?

१९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली. ती बांधली कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून मँचेस्टरला जावा, हा तिचा हेतू. माणसे ओघाने आली. पुढे लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे लाडके नाव दिले. मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता ती गाडी बंद आहे. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ असा तिचा ११३ किलोमीटरांचा, म्हणजे सुमारे ७० मैलांचा मार्ग होता. हा मैलांचा हिशेब आम्ही मुद्दाम देत आहो. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमान्वये प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे कंपनीवर बंधनकारक झाले होते, आणि गाडीचा पल्ला ५० मैलांहून अधिक असेल तर त्या डब्यात शौचकूपही असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. स्त्रियांच्या प्रवासाचा इतिहास लिहिणारे विद्वान विचारस्वातंत्र्यापासून आरंभ करतात. आमच्या मते त्या शौचकूपापासून आरंभ करावयास हरकत नाही. ज्या काळी घरची मंडळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून बायकांना पाणी बेताने पिण्यास सांगत, त्या काळी या एका कलमाने किती जणींची यातना वाचविली असेल, याची कल्पना वाचक भगिनींना सहज येईल.

जनाना डबा आला, तरी जुनेर गेले नाही. कोळशाची कणी लुगड्याला भोके पाडी, म्हणून आगगाडीतही तेच. शिवाय सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. गाडीत कोण कोणाला शिवेल याचा नेम नाही, तेव्हा मुक्कामाला पोहोचताच ते वस्त्र उतरून धुण्यास पडावयाचे. शिदोरी म्हणून दशम्या किंवा कोरडा फराळ, पाण्यासाठी फिरकीचा तांब्या, अंगावर थंडीत एक शाल. एवढा सरंजाम घेऊन बसलेल्या बाईला कॅमेऱ्यापुढे आणण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

मग आमच्या पेटीतल्या चित्रांत दिसते ते काय? दिसतो तो फोटोवाल्याचा दरबार. मागे रंगविलेला पडदा, त्यावर महालाचे खांब, कठडा आणि एखादे कारंजे. शेजारी तिपाईवर फुलदाणी. कधी हातात पुस्तक, मग बाईला अक्षरओळख असो वा नसो. स्त्रियांना परक्या पुरुषापुढे बसविण्याची अडचण मोठी होती. ज्या निजामाच्या नावाने वऱ्हाडचा मुलूख कागदोपत्री चालत होता, त्याच्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला व तेथे एका इंग्रज बाईची नेमणूक केली. आमच्या जिल्ह्यात अशी सोय कोठून असणार? येथे नवरा किंवा दीर जवळ उभा राही, आणि बाईची नजर जमिनीवर किंवा कोठेतरी तिसरीकडे असे. पेटीतल्या पुष्कळ चेहऱ्यांवर जो एक धास्तावलेला भाव आहे, तो प्रवासाचा नसून त्या खोलीचा आहे.

आमच्या पणजीचे पहिल्या महायुद्धाच्या आधीचे एक चित्र आहे. पणजोबांबरोबर ती त्र्यंबकेश्वरास निघाली त्या वेळचे. नऊवारी शालू, लांब बाह्यांचे व मनगटाशी झालर लावलेले पोलके, दोन्ही खांद्यांवरून घेतलेली शाल, आणि पायांत मोजे व बंदांचे काळे बूट. हे बूट पाहून आम्ही चकित झालो. त्या काळी पुण्यासारख्या शहरातही जोडे घालून व छत्री घेऊन चालणाऱ्या बाईची रस्त्यात टवाळी होई. जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हे. मग यवतमाळची एक वकिलाची बायको बूट घालून त्र्यंबकेश्वरास गेली, ही केवढी पुढारलेली गोष्ट! आम्ही तसा एक परिच्छेद लिहूनही ठेवला होता. पण आजीने आपल्या सासूकडून ऐकलेली हकीकत आम्हांस वेळेवर आठवली. ते बूट फोटोवाल्याचे होते. पडद्यामागे तो दोन-तीन मापांचे जोड ठेवी आणि पाय उघडे दिसू नयेत म्हणून बसविण्यापूर्वी घालावयास लावी. पणजीला ते इतके घट्ट झाले की ती उभी राहू शकेना, म्हणून तिला खुर्ची दिली व पणजोबा उभे राहिले. नवरा उभा आणि बायको खुर्चीवर, हा जो त्या चित्रातला नवा विचार आम्ही कौतुकाने न्याहाळीत होतो, त्याचे मूळ चावणाऱ्या बुटांत होते. फोटो झाल्यावर बूट परत केले आणि पणजी अनवाणी दमणीत चढली.

रंगांचीही अशीच फसगत होते. त्या काळच्या काचेवरील मसाल्याला निळा रंग फार लवकर कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळे लुगडे चित्रात फिकट उतरते आणि तांबडे काळे होते. कपाळीचे कुंकू काळे दिसते ते यामुळेच. नव्या नवरीचे लालभडक लुगडे, संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि विधवेचे तांबडे आलवण ही तिन्ही एकाच काळ्या छटेची उमटतात. ज्या समाजात स्त्रीची सारी स्थिती तिच्या वस्त्राच्या रंगावरून ओळखली जाई, त्या समाजाची चित्रे रंगाला आंधळ्या असलेल्या साधनाने घेतली गेली. पुढे सर्व रंग जाणणाऱ्या फिल्मा आल्या, पण हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांत १९३० नंतरही पुष्कळ वर्षे ती जुन्या स्वभावाचीच फिल्म पडे.

मात्र या जिल्ह्यात एक समाज असा होता की ज्याच्या स्त्रियांना प्रवासाचा वेगळा वेष ठाऊकच नव्हता. कारण त्यांचे सारे आयुष्य हाच प्रवास होता. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजाऱ्यांचे तांडे आज स्थिरावलेले आहेत. पण रेल्वे व सडका होण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलूखच्या मुलूख तुडविणारे हेच लोक. आर. व्ही. रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बंजारा स्त्रियांची छायाचित्रे आहेत. एकात डोक्याच्या मध्यावर केसांत उभी बांधलेली लाकडी काठी, जिला शिंग म्हणत, आणि तिच्यावरून मागे सोडलेली ओढणी स्पष्ट दिसते. पायघोळ न होणारा घेरदार घागरा, ज्याला त्या फेटिया म्हणतात, पाठ मोकळी ठेवणारी, आरसे जडविलेली कांचळी, दंडापर्यंत बांगड्या, कवड्या, नाणी, घुंगरे. पाहणाऱ्या साहेबाला यात शोभा दिसली असावी. आम्हांस त्यात हिशेब दिसतो. ज्यांना कुलूप लावावयास दार नाही, त्यांनी आपली पेटी अंगावर घातली आहे. घागऱ्याची उंची चालण्याला बेतलेली आहे आणि दोन्ही हात मोकळे आहेत. आमच्या पणजीला फोटोपुरते बूट घालावे लागले. या बायकांना मात्र कॅमेऱ्यापुढे जाण्यासाठी काही बदलावे लागले असेल असे वाटत नाही. ज्या रेल्वेने आमच्या घरच्या बायकांना घराबाहेर काढले, त्याच रेल्वेने यांचा बैलांवरचा व्यापार बुडविला व त्यांना एका जागी बसविले, ही गोष्टही ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहताना मनातून जात नाही.

घराबाहेर पडणाऱ्या उच्चवर्णीय स्त्रीपुढे वस्त्राचा पेच किती बिकट होता, हे यवतमाळापेक्षा दूरच्या प्रवासिनींच्या चित्रांत अधिक दिसते. सत्येंद्रनाथ टागोर हिंदी सनदी नोकरीतले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी कलकत्त्याहून मुंबईस निघाल्या, तेव्हा अंतःपुरात नेसावयाच्या एका पातळ साडीखेरीज बाहेर जाण्याजोगे वस्त्रच त्यांच्यापाशी नव्हते. एका फ्रेंच दुकानातून ‘पौर्वात्य’ म्हणून जो पोशाख शिवून आणला, तो त्यांचा त्यांना चढवताही येईना. मुंबईत पारशी कुटुंबात राहून त्यांनी तेथील साडी नेसण्याची रीत उचलली, आणि पोलके व परकर यांसह ती बंगालात नेली. एका प्रवासाच्या अडचणीतून एका प्रांताची वेशभूषा बदलली.

आमच्याकडे आनंदीबाई जोशी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील प्रसिद्ध व्याख्यानात त्यांनी सांगितले की आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार. आहार व पोशाख बदलणार नाही. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या; वय १८ वर्षे. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो आणि त्यामुळे पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात. वऱ्हाडच्या उन्हात ती सोय आहे. अमेरिकेच्या बर्फात ती शिक्षा आहे. शिवाय तेथील समाजात स्त्रीचा घोटा दिसणे हेच असभ्य. अखेर आनंदीबाई गुजराती धर्तीने साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण्याची तऱ्हा बदलली. प्रतिज्ञा मोडली म्हणावे की पाळली? येथील टीकाकारांना या प्रश्नात फार रस होता; तेथली थंडी त्यांपैकी कोणी सोसली नव्हती.

त्यांचे जे छायाचित्र आज जगभर ठाऊक आहे, ते १० ऑक्टोबर १८८५ चे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पोशाखातील दमास्कसच्या साबात इस्लांबुली. चित्र मोठे देखणे आहे. पण ते महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या बाईंच्या स्वागतसमारंभाच्या वेळी काढलेले आहे, हे विसरू नये. तिघी तेथे आपापल्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून नटलेल्या आहेत. हिवाळ्याच्या पहाटे अंगावर काय असेल ते घेऊन शवविच्छेदनाच्या वर्गाला जाणारी आनंदी त्यात नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तो समारंभ पाहण्यास इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. पुढल्या वर्षी २६ फेब्रुवारीस पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. ज्या शरीराला काय गुंडाळावे यावर दोन खंडांत वाद झाला, ते २२ वर्षेही पुरले नाही.

तोच वाद पुढे ‘सकच्छ की विकच्छ’ या नावाने आमच्या घरांघरांत शिरला. कासोट्याचे लुगडे ते सकच्छ, सोज्ज्वळ, धर्मकृत्याला योग्य. गोल पातळ ते विकच्छ, अर्थात आगाऊ. गंमत अशी की घोड्यावर बसण्यास, गाडीच्या उंच पायरीवर चढण्यास, गर्दीतून वाट काढण्यास नऊवारी अधिक सोयीची. कासोट्याने पाय मोकळे राहतात. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर प्रवासाने नऊवारी टिकावयास हवी होती. पण डब्यात निरनिराळ्या प्रांतांच्या बायका समोरासमोर बसल्या आणि एकमेकींचे नेसणे पाहू लागल्या. नऊ वारांचे ओझे धुणे, वाळविणे आणि ट्रंकेत भरणे यापेक्षा पाच-सहा वार बरे, हा व्यवहारही होताच. आमच्या आजीने गोल पातळ पहिल्यांदा नेसले ते यवतमाळात नव्हे, मूर्तिजापूरच्या स्टेशनावरील बायकांच्या प्रतीक्षालयात. मुंबईच्या गाडीत बसण्यापूर्वी नऊवारी सोडून ट्रंकेत टाकले, आणि परतताना तेथेच पुन्हा कासोटा घातला. शिवेवरची ती विहीर आता जंक्शनावर आली होती. असे तिने ६ वर्षे केले. सासूबाईंना ठाऊक होते काय, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “न ठाऊक असायला काय झालं? ट्रंक कोण भरत होतं?”

१९३० च्या सुमारास चित्रे निराळी दिसू लागतात. त्या वर्षी जुलैत बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. पुढे १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात शेगावी राहावयास आले. पेटीतल्या या काळच्या चित्रांत जरीकाठ कमी होतात आणि पांढरे जाडेभरडे कापड येते. खादीने एक मजेशीर अडचण केली. पांढरे वस्त्र सधवेने नेसू नये ही जुनी समजूत, आणि आता देशासाठी तेच नेसावयाचे! तोडगा म्हणून काठ रंगीत ठेवला आणि कुंकू मोठे केले. रंगाला आंधळ्या फिल्मवर ते कुंकू काळ्या पैशाएवढे उमटले आहे.

आता शेवटचे चित्र. हे स्टुडिओतले नाही. अमेरिकेत १९०० मध्ये एका डॉलरला निघालेल्या ब्राउनी जातीच्या पेटी-कॅमेऱ्यामुळे हौशी माणसाला पडद्याची व कारंज्याची गरज उरली नव्हती. आमच्या एका मामेआजोबांनी तसला कॅमेरा आणला होता. स्थळ यवतमाळ स्टेशनचा फलाट. छोट्या गाडीचा डबा, त्याच्या दाराशी आमची आजी व तिची नणंद. पायांत साध्या चपला, स्वतःच्या. आजी नऊवारीतच आहे, मूर्तिजापूर अजून यावयाचे आहे. पण नणंदेच्या मनगटावर घड्याळ आहे आणि आजीच्या हातात मिटलेली छत्री. नजर जमिनीवर नाही. ऊन डोळ्यांवर आल्याने दोघींनी कपाळाला आठ्या घातल्या आहेत, आणि साऱ्या पेटीत एवढ्या दोघीच खरोखर कोठेतरी निघाल्यासारख्या दिसतात.

चित्राच्या डाव्या कडेला एक काळा पट्टा आहे. फिल्म खराब झाली असावी असे आम्ही समजत होतो. भिंगाने पाहिले तर तो कापडाचा आहे, आणि खाली एक अनवाणी पाऊल व गाठोड्याचे टोक आहे. आजी हयात असताना तिला दाखविले तेव्हा तिने एका क्षणात ओळखले. त्या आत्याबाई, आमच्या पणजोबांची बहीण, लहानपणीच विधवा झालेली. तो पट्टा काळा नव्हे, तांबडा; ते त्यांचे आलवण. घरात सर्वांहून अधिक प्रवास त्यांचा. काशी दोनदा, रामेश्वर, द्वारका, पंढरपूर तर दर वर्षी. पडशी खांद्यावर, धाबळी गाठोड्यात, पायांत काही नाही. त्या दिवशीही या दोघींना मुंबईस पोहोचवावयास त्याच चालल्या होत्या, कारण वाटा त्यांना ठाऊक होत्या. पेटीत त्यांचे दुसरे चित्र नाही.

“कोणी त्यांना बाजूला व्हा म्हटलं का?” आम्ही विचारले.

“कोणी नाही,” आजी म्हणाली. “कॅमेरा पाहिला आणि त्याच झाल्या.” मग थोडा वेळ चित्र हातात धरून ती म्हणाली, “पुरत्या झाल्या नाहीत, बरं झालं.”